वादळानंतरचा हप्ता

हवामान परिषदांचे वृत्तांत वाचायला बसलं की डोळ्यांपुढे नुसते अब्ज नाचू लागतात. 2024 साली बाकूत 2035 पर्यंत वर्षाला 300 अब्ज डॉलर उभे करायचं ठरलं. त्याच्या आदल्या वर्षी दुबईत नुकसानग्रस्त देशांसाठीचा निधी सुरू झाला, त्यात पहिल्या फेरीत साधारण 70 कोटी डॉलरची आश्वासनं जमली. घोषणा मोठी आणि थैली लहान, हा प्रकार आता सवयीचा झाला आहे. गेल्या दहा वर्षांत या क्षेत्रात खरोखर कामाला आलेली गोष्ट शोधायची तर माझ्या मते ती कर्जाच्या करारातल्या एका कलमात सापडते. वादळ आलं तर हप्ता थांबेल, एवढंच ते कलम म्हणतं.

हे कलम मोठ्या सावकारांच्या गळी उतरवणाऱ्यांत अविनाश पर्सॉड यांचा वाटा मोठा. 1966 साली बार्बाडोसमध्ये जन्मलेल्या या अर्थतज्ज्ञाची आई लक्ष्मी पर्सॉड त्रिनिदादच्या कादंबरीकार, तर वडील राष्ट्रकुल सचिवालयात अर्थतज्ज्ञ. मुलाने मात्र बरीच वर्षं जे. पी. मॉर्गन, स्टेट स्ट्रीट अशा ठिकाणी चलनबाजार अभ्यासण्यात घालवली. पर्यावरणवाला म्हणावा असं त्यात काही नव्हतं. पण 2000 साली त्यांच्या एका निबंधाला जाक द लारोझिएर पारितोषिक मिळालं, आणि पुढच्या कामाचं बीज तिथेच आहे. साऱ्या बँका जोखीम मोजायला एकच पट्टी वापरू लागल्या तर धोक्याची घंटाही सगळ्यांना एकदमच ऐकू येते, मग सगळेच विकायला धावतात आणि घेणारा कुणी उरत नाही, असा त्यांचा मुद्दा. मालमत्ता कागदावर कितीही असो, नेमक्या वेळी रोकड नसली की संपलं.

कॅरिबियन बेटांचं दुखणं हेच. 2017 मध्ये मारिया वादळाने डॉमिनिकात केलेलं नुकसान त्या देशाच्या वार्षिक उत्पन्नाच्या 226 टक्के भरलं. छपरं उडालेली, बंदर बंद, पर्यटक पळालेले. आणि कर्जाचा हप्ता तारखेला उभाच.

2018 साली मिया मॉटली बार्बाडोसच्या पंतप्रधान झाल्या तेव्हा सरकारी कर्ज देशाच्या उत्पन्नाच्या दीडपटीच्या वर गेलं होतं. आल्या आल्या त्यांनी परकीय कर्जाची फेड थांबवली. पुढे नवे करार झाले त्यांत नैसर्गिक आपत्तीचं कलम घातलं गेलं. ग्रेनाडा या दुसऱ्या कॅरिबियन देशाने ते आधीच करून दाखवलं होतं. पर्सॉड मॉटलींचे सल्लागार होते. 2022 मध्ये मॉटलींच्या सरकारने जागतिक वित्तव्यवस्था सुधारण्याचा जो ‘ब्रिजटाउन’ प्रस्ताव मांडला, त्याच्या मागण्यांत हे कलमही होतं. जून 2023 मध्ये पॅरिसच्या परिषदेत जागतिक बँकेचे नवे अध्यक्ष अजय बंगा (जन्म आपल्या खडकीचा) यांनी लहान देशांच्या नव्या कर्जांना ते लागू करण्याचं जाहीर केलं.

मराठी वाचकाला यात नवल वाटू नये. पैसेवारी पन्नास पैशांच्या आत आली, दुष्काळ जाहीर झाला की कर्जवसुलीला स्थगिती आणि पीककर्जाचं पुनर्गठन हे आपल्याकडे तलाठ्यापासून जिल्हा बँकेपर्यंत सगळ्यांना पाठ आहे. पैसेवारी कुणी आणि कशी लावली यावरून भांडणंही तितकीच पाठ आहेत. कॅरिबियन देशांनी 2007 मध्ये उभ्या केलेल्या सामायिक विमा योजनेने हा वाद बाजूला ठेवला. वादळाचा मार्ग आणि वाऱ्याचा वेग यांवरून गणिती प्रारूप नुकसानीचा अंदाज काढतं. घराघराचा पंचनामा होत नाही आणि पैसे चौदा दिवसांत मिळतात. अंदाज चुकला तर ज्याचं घर पडलं त्याच्या वाट्याला काही येत नाही, ही त्यातली खोट.

1 जुलै 2024 रोजी बेरिल वादळ ग्रेनाडाच्या कॅरियाकू बेटावर आदळलं आणि तिथली बहुतेक घरं मोडली. विम्याचे सुमारे 4.4 कोटी डॉलर आले. मग सरकारने रोख्यांतलं कलम वापरून पुढचे दोन सहामाही हप्ते लांबणीवर टाकले. त्या कलमाचा तो जगातला पहिला वापर. धनको कोर्टात गेले नाहीत, पतही कोसळली नाही. सगळं आधी लिहून ठेवलेलं होतं.

अर्थात हप्ता पुढे गेला, माफ झाला नाही. टीकाकार म्हणतात की ज्यांनी वातावरण बिघडवलं नाही त्यांना कर्ज फेडायला सवड देणं म्हणजे न्याय नव्हे, आणि ते बरोबरच आहे. पर्सॉड यांचं उत्तर हिशेबी माणसाचं आहे: भरपाईसाठी भांडत राहावं, पण वादळाच्या पहिल्या महिन्यात रोकड कुठून आणायची ते आधी ठरवावं. मॉटलींच्या सल्लागारपदानंतर ते आंतर-अमेरिकी विकास बँकेच्या अध्यक्षांचे हवामान सल्लागार झाले आणि चलनजोखमीच्या, म्हणजे त्यांच्या जुन्याच, विषयाकडे वळले. ब्राझीलमधला सौरप्रकल्प डॉलरमध्ये कर्ज काढतो आणि वीज रेआलमध्ये विकतो. मधल्या घसरणीचा धोका कोणी सोसायचा?

मोठ्या देशांसाठी यातलं फारसं काही नाही. 2022 च्या पुरात पाकिस्तानचं नुकसान 30 अब्ज डॉलरच्या घरात गेलं. पण जागतिक बँकेच्या कलमात बसायला देश लहान असावा लागतो, आणि वीस कोटींहून अधिक लोकांचा पाकिस्तान लहान ठरत नाही.