एमबीएची फी : आईवडिलांची पुंजी मोडण्याआधी

एमबीएला प्रवेश मिळाला की घरात पेढे येतात आणि त्यापाठोपाठ फीचा हिशेब सुरू होतो. नावाजलेल्या आयआयएममध्ये दोन वर्षांची फी २० लाखांच्या पुढे जाते. वडील म्हणतात, ‘‘पीएफ काढतो.’’ आई म्हणते, ‘‘माझे दागिने कशासाठी आहेत?’’ माया खरी असते, पण शिक्षणासाठी बँक कर्ज देते, उतारवयातल्या खर्चासाठी सहजासहजी कोणी देत नाही. म्हणून घरच्या पुंजीला हात लावण्याआधी पुढचे मार्ग तपासून पाहा.

कमी फीची चांगली कॉलेजे

दिल्ली विद्यापीठाचे एफएमएस किंवा मुंबईतील जमनालाल बजाज संस्था यांचे नाव मोठे आहे, पण फी मोठ्या आयआयएमपेक्षा कितीतरी कमी आहे. नोकरी सोडायची नसेल तर इग्नूचे एमबीए एक लाखाच्या आत होते.

शिष्यवृत्ती

आयआयएममध्ये कुटुंबाच्या उत्पन्नावर आधारित आर्थिक मदत मिळते. प्रवेश मिळताच तिची चौकशी करा. महाराष्ट्रात कॅप फेरीतून प्रवेश घेतलेल्या खुल्या प्रवर्गातील विद्यार्थ्यांना, कुटुंबाचे उत्पन्न ८ लाखांपर्यंत असेल तर, राजर्षी शाहू महाराज योजनेतून निम्मे शिक्षण शुल्क मिळते. आर्थिक दुर्बल, इतर मागास आणि सामाजिक व शैक्षणिक मागास प्रवर्गातील मुलींना याच उत्पन्न मर्यादेत २०२४-२५ पासून शिक्षण शुल्कात पूर्ण माफी आहे. मॅनेजमेंट कोट्यातून प्रवेश घेतला तर हे लाभ मिळत नाहीत. उत्पन्नाचा दाखला आणि डोमिसाइल आधीच काढून ठेवा.

शैक्षणिक कर्ज

केंद्राच्या पीएम विद्यालक्ष्मी योजनेत निवडक दर्जेदार संस्थांमधील विद्यार्थ्यांना तारण किंवा जामीनदाराशिवाय कर्ज मिळते. कुटुंबाचे उत्पन्न ८ लाखांपर्यंत असेल तर १० लाखांपर्यंतच्या कर्जावर, हप्ते सुरू होईपर्यंतच्या काळात, ३ टक्के व्याजसवलत आहे. मात्र ती दरवर्षी एक लाख विद्यार्थ्यांनाच मिळते आणि दुसरी सरकारी शिष्यवृत्ती घेणाऱ्यांना मिळत नाही. त्यामुळे कशात जास्त फायदा आहे हे आधी पाहा. अनेक बँका मुलींना व्याजात थोडी सूट देतात, तीही विचारा.

व्याज कोण भरणार?

हप्ते साधारणपणे कोर्स संपल्यानंतर एका वर्षाने सुरू होतात, पण व्याज पहिल्या दिवसापासून चढते. समजा, १० टक्के व्याजाने दोन वर्षांत ५-५ लाख घेतले. हप्ते सुरू होईपर्यंत अडीच लाख व्याज साचते. १० वर्षांच्या मुदतीत मग दरमहा सुमारे १६,५०० रुपये भरावे लागतात.

हेच व्याज वेळच्या वेळी भरले, म्हणजे पहिल्या वर्षी दरमहा सुमारे ४,२०० आणि पुढची दोन वर्षे ८,३००, तर नंतरचा हप्ता सुमारे १३,२०० राहतो आणि एकूण जवळपास दीड लाख रुपये वाचतात. आईवडिलांना हातभार लावायचाच असेल तर पीएफ मोडण्यापेक्षा हे व्याज भरणे केव्हाही चांगले.

जुन्या करपद्धतीत भरलेल्या व्याजावर आठ वर्षांपर्यंत वजावट मिळते. तिला रकमेची मर्यादा नाही.

सही करण्याआधी

कॉलेजच्या जाहिरातीत सर्वात मोठे पॅकेज छापलेले असते. ते एखाद्यालाच मिळते. पगार चढत्या क्रमाने लावले तर बरोबर मधल्या विद्यार्थ्याला किती मिळाला, हे विचारा. त्या पगारातून घरभाडे, जेवण आणि हप्ता भागत असेल तर निश्चिंतपणे कर्ज घ्या. भागत नसेल तर कमी फीचे कॉलेज निवडण्यात कमीपणा नाही. हा हिशेब मुलामुलींनी आईवडिलांसोबत बसूनच करावा, कारण कर्जाच्या कागदावर सह्या दोघांच्याही असतात.