उजनीच्या पाणथळीत होडीतून पक्षिदर्शन

भीमाशंकरच्या डोंगरात उगम पावलेली आणि पुणे जिल्ह्याच्या पूर्वेकडील सपाट काळ्या रानात येता येता संथ झालेली भीमा नदी सोलापूर जिल्ह्यातील माढा तालुक्यात, उजनी या गावी, १९८० साली पूर्ण झालेल्या धरणाने अडवली गेली; आणि त्या धरणामागे यशवंतसागर नावाचा जो विस्तीर्ण जलाशय पसरला, त्याच्या पोटात इंदापूर, दौंड, करमाळा, कर्जत या तालुक्यांतील कित्येक गावठाणे, मळे, गायराने आणि देवळे गडप झाली. पळसदेवचे प्राचीन शिवमंदिर त्यांतलेच. दुष्काळाच्या वर्षी पाणी फार खाली गेले म्हणजे ते उघडे पडते आणि लोक दुरून दुरून पाहावयास येतात. पाटबंधारे खात्याच्या दफ्तरी या जलाशयाची साठवण सुमारे ११७ अब्ज घनफूट लिहिलेली असून तीतील निम्म्याहून अधिक, म्हणजे सुमारे ६३ अब्ज घनफूट, हा मृतसाठा आहे. शेतीला पाणी मिळावे आणि सोलापूरसारख्या शहराची तहान भागावी म्हणून बांधलेल्या या धरणाच्या आराखड्यात पाणपक्ष्यांचा विचार असण्याचे कारण नव्हते. तरीही महाराष्ट्रात हिवाळी पाणपक्षी पाहावयाचे असतील तर जाणता माणूस ज्या दोन-चार ठिकाणांची नावे घेतो, त्यांत नाशिक जिल्ह्यातील नांदूर मध्यमेश्वर आणि पैठणचा नाथसागर यांच्या बरोबरीने उजनीकाठच्या भिगवणचे नाव हटकून येते. आणि तेथील पक्षी पाहण्याची उत्तम जागा कोणती असे मला कोणी विचारले, तर मी काठ सांगणार नाही, होडी सांगेन.

पक्ष्यांनी हे ठिकाण का पसंत केले, याचे उत्तर जमिनीच्या उतारात आहे. कोयना, पानशेत यांसारखे जलाशय सह्याद्रीच्या खोल दऱ्यांत कोंडलेले असतात; तेथे पाणी दहा हात उतरले तरी उघडा पडतो तो उभा, मुरमाड काठ, आणि त्यावर पाणपक्ष्याने चोच घालावी असे फारसे काही नसते. उजनीचे पाणी जवळजवळ सपाट मुलखावर पसरलेले असल्यामुळे कालव्यांना पाणी सुटून पातळी थोडीशी जरी खाली गेली, तरी गाळाची आणि उथळ पाण्याची दूरवर पसरलेली पट्टी मोकळी होते, आणि त्या गाळात कीटकांच्या अळ्या, गोगलगायी, शिंपले, शेवाळ आणि पाणवनस्पतींची मुळे यांचे भांडार असते. या पट्टीवर शेतकऱ्याचीही दृष्टी असते. महसुली भाषेत तिला गाळपेर जमीन म्हणतात. पाणी हटताच ती हंगामापुरती कसली जाते. ज्या वर्षी पाऊस उदंड होऊन धरण उशिरापर्यंत तुडुंब राहते, त्या वर्षी रोहित पक्षी, ज्यांना शहरी वाचक फ्लेमिंगो या नावाने ओळखतो, उशिराने येतात. कारण त्यांचे पाय कितीही लांब असले तरी खोल पाण्याच्या तळाशी त्यांची चोच पोहोचत नाही. पक्ष्यांचे वेळापत्रक अशा रीतीने कालव्याच्या आवर्तनाशी बांधले गेले आहे.

हे रोहित पक्षी भारतात प्रामुख्याने कच्छच्या रणात वीण करतात; डॉ. सालिम अली यांनी १९४५ च्या सुमारास तेथील प्रचंड वसाहतीची पाहणी करून तिचे वर्णन प्रसिद्ध केले. त्यांच्या सोबतीला उजनीवर येणारे पट्टकादंब हे हंस तर याहून कितीतरी दूरचे. तिबेट, मंगोलिया या भागांतील सरोवरांच्या काठी वीण करून ते हिमालय ओलांडतात, आणि सात हजार मीटरहून अधिक उंचीवरील त्यांच्या उड्डाणाची नोंद झालेली आहे. संस्कृत कवींनी विरहाचे प्रतीक मानलेला चक्रवाक, चमच्याच्या आकाराची चोच असलेला चमचा, चित्रबलाक, मुग्धबलाक, थापट्या, तलवार बदक, शेकाट्या, शेकड्यांच्या थव्याने तरंगणारे काळे वारकरी, ही सर्व मंडळी डिसेंबर ते मार्च या काळात येथे एकाच पाण्यावर नांदताना दिसतात.

आता होडीविषयी. काठावरून पक्षी पाहणाऱ्याची पहिली अडचण चिखलाची असते. जेथे पक्षी चरतात तेथवरचा गाळ माणसाला गुडघ्यापर्यंत आत ओढतो, आणि जेथे पाय टिकतो तेथून पक्षी ठिपक्यांएवढे दिसतात. त्यात दहा वाजल्यानंतर तापलेल्या जमिनीवरची हवा थरथरू लागली म्हणजे उत्तम दुर्बिणीलाही ठिपक्याचा पक्षी करता येत नाही. दुसरी अडचण माणसाच्या उभ्या आकृतीची. दोन पायांवर चालत येणारी उंच आकृती म्हणजे धोका, हे ज्ञान पाणपक्ष्याच्या अंगी पिढ्यानपिढ्या मुरलेले आहे. होडीत बसलेल्या माणसाची ही आकृती मोडते. कमरेखालचा भाग होडीच्या कडेआड जातो, आणि उरते ते पाण्याच्या पृष्ठाजवळून हळूहळू सरकणारे एक बुटके काहीतरी, जे या पक्ष्यांच्या नित्य परिचयाचे असते, कारण जाळी टाकणाऱ्या आणि काढणाऱ्या मच्छीमारांच्या होड्या त्यांच्याभोवती पहाटेपासून फिरतच असतात. त्याखेरीज आणखी एक लाभ आहे, आणि माझ्या मते तोच सर्वांत मोठा. होडीत बसले की पाहणाऱ्याचा डोळा पक्ष्याच्या डोळ्याच्या पातळीला येतो. काठावरून खाली पाहताना टिबुकली म्हणजे पाण्यावरचा एक तपकिरी गोळा. होडीतून तिच्या डोळ्याचा रंग दिसतो, बुडी मारण्यापूर्वी ती पिसे अंगाशी घट्ट आवळून अंगातली हवा कशी काढून टाकते ते दिसते, आणि ती पुन्हा वर आली म्हणजे चोचीत धडपडणारा मासा दिसतो.

रोहित पक्ष्याचे चरणे तर जवळून पाहिल्याशिवाय खरे वाटणार नाही. सकाळच्या पहिल्या प्रहरी, वारा सुटण्यापूर्वी, होडी थव्यापासून योग्य अंतरावर थांबवली आणि होडीवाल्याने बांबू गाळात रोवून तिला स्थिर केले, म्हणजे थोड्याच वेळात पक्षी आपली दखल घेणे सोडून देतात. मग त्यांतील एक मान खाली सोडतो आणि डोके पूर्णपणे उलटे करून, म्हणजे चोचीचा वरचा भाग खाली आणि खालचा वर अशा स्थितीत, ते पाण्यात बुडवतो. जाड, मांसल जीभ दट्ट्याप्रमाणे मागेपुढे होत पाणी आत ओढते व बाहेर फेकते, आणि चोचीच्या आतील कडांना असलेल्या बारीक दातेरी पट्ट्या त्या पाण्यातील अळ्या, बिया, सूक्ष्म जीव अडवून धरतात. हे चालू असताना पाय स्वस्थ नसतात. एका जागी उभा राहून तो पाय नाचवल्यासारखे हलवत गाळ ढवळतो, हळूहळू स्वतःभोवती वर्तुळ काढतो, आणि पुढे पाणी हटल्यावर त्या ठिकाणी गोल खळगे राहिलेले दिसतात. पिसांमधील गुलाबी छटा याच अन्नातील रंगद्रव्यांची देणगी होय. म्हणून थव्यातील करड्या, मळकट अंगाचे पक्षी आजारी समजू नयेत. ती अल्पवयीन पिढी आहे आणि तिला हा रंग चढण्यास काही वर्षे लागतात.

अशा निरीक्षणास सर्वांत अनुकूल वाहन कोणते, याचा विचार केला तर उत्तर ध्रुवाजवळच्या इन्युइट लोकांची आठवण होते. सीलची शिकार करताना आवाज न होता तिच्याजवळ जाता यावे म्हणून त्यांनी कातड्याने मढवलेली, एका माणसापुरती, अरुंद आणि पाण्याला जवळजवळ चिकटून चालणारी जी नाव सिद्ध केली, तीच आजची कयाक. दोन्ही टोकांना पाते असलेल्या वल्ह्याने ती चालते, वीतभर पाण्यातही तरंगते, आणि तिच्यात बसलेल्या माणसाची उंची बसक्या बगळ्याहून फारशी अधिक भरत नाही. आता महाराष्ट्रातील काही धरणांवर आणि गोव्याच्या खाड्यांतून ती दिसू लागली आहे. मांडवीतील चोडण बेटावर सालिम अलींच्या नावाचे जे लहानसे अभयारण्य आहे, तेथील खारफुटीतले पक्षीही होडीतूनच चांगले पाहता येतात. कयाकची निःशब्दता मला मोलाची वाटते. परंतु उजनीवर नवख्या माणसाने एकट्याने वल्हे मारण्यापेक्षा स्थानिक मच्छीमाराच्या होडीत बसावे, हे मी निःसंकोचपणे सांगेन. कुंभारगाव, डिकसळ या गावांतील होडीवाल्यांना पाण्याखालचे जुने बांध, झाडांचे बुंधे आणि जाळ्यांच्या दोऱ्या ठाऊक असतात. कोणत्या गाळावर काल कोण उतरले होते, हेही ठाऊक असते. चिलापी आणि कटला पकडून घर चालवणाऱ्या या लोकांपैकी अनेकांनी पक्ष्यांची शास्त्रीय नावेही आत्मसात केली आहेत. जन्माने सोलापूरचे असलेले मारुती चितमपल्ली यांनी पक्ष्यांची देशी नावे रानावनातल्या माणसांकडून गोळा करण्यात आयुष्य वेचले. त्यांच्या विद्येचा झरा अशाच लोकांत होता.

तथापि जी होडी पक्ष्याजवळ नेते, तीच त्याला हुसकावूनही लावते, आणि अलीकडे हे फार होऊ लागले आहे. शेकडो रोहित एकदम उडाले की पंखांखालचा लालभडक आणि काळा रंग आकाशात पसरतो. त्याचे छायाचित्र मिळावे म्हणून यंत्राची होडी थेट थव्यावर घालण्याचा आग्रह पाहुणेच धरतात, आणि ज्याची दिवसाची मिळकत त्यांच्या खुशीवर अवलंबून आहे तो होडीवाला नाही म्हणू शकत नाही. रोहित हा जड पक्षी. त्याला हवेत उठण्यासाठी पाण्यावर लांबवर धावत जावे लागते, आणि एकेका उड्डाणात किती शक्ती खर्ची पडत असेल याची कल्पना त्या धावण्यावरूनच येते. दिवसातून अनेकदा असे उठवले गेलेले पक्षी ती जागा सोडतात. पट्टकादंबासारख्या पक्ष्याला तर हिवाळाअखेर हिमालय पुन्हा ओलांडण्यापुरती चरबी अंगात साठवावयाची असते. पक्ष्यांना असे उठवणे हा गुन्हा आहे, असे मी स्पष्टच म्हणतो, मग तो कोणत्या कायद्याच्या कलमात बसो वा न बसो.

पक्षी अस्वस्थ झाल्याच्या खुणा ओळखणे मुळीच अवघड नाही. चरणाऱ्या माना एकामागून एक वर येतात. मग सारा थवा एका दिशेला तोंड करून शिस्तीने चालू लागतो. हंसांसारखा घोगरा आवाज वाढतो. एखाददुसरा पंख अर्धवट उघडतो. पहिली मान वर झाली तेथेच होडी थांबली पाहिजे. थव्याकडे सरळ रोख धरू नये, तिरकस जावे. पक्षी वाऱ्याकडे तोंड करून उडतात, तेव्हा त्यांची ती वाट मोकळी ठेवावी. यंत्र दूरवरच बंद करून पुढचे अंतर वल्ह्याने किंवा बांबूने कापावे. कुरवांना शेव-फरसाण टाकण्याची रीत बंद व्हावयास हवी. पुणे परिसराचे सांडपाणी मुळा-मुठेतून भीमेत आणि भीमेतून येथे येऊन मिळते व जलपर्णी माजते, ही याहून मोठी आपत्ती आहे, आणि तिचा बंदोबस्त शहरांनी करावयाचा आहे.

एका गोष्टीची मात्र हयगय करू नये. उन्हाळ्यात दुपारनंतर उजनीवर एकाएकी वारा सुटतो आणि उथळ दिसणाऱ्या पाण्यावर समुद्रासारख्या लाटा उठतात. २०२४ च्या मे महिन्यात कुगावहून कळाशीकडे येणारी प्रवासी बोट अशाच वादळी वाऱ्यात उलटून सहा माणसे बुडाली.

म्हणून भिगवणला जाणाऱ्या वाचकांना माझी विनंती अशी की, पुण्याहून सुमारे शंभर किलोमीटरचे अंतर पहाटेच कापून सूर्योदयाला पाण्यावर असावे, जीवरक्षक जाकीट अंगावर चढवल्याशिवाय होडीत पाय ठेवू नये, आणि भाडे ठरवतानाच होडीवाल्याला सांगावे, की आम्हांला पक्षी उडालेले पाहावयाचे नाहीत, चरताना पाहावयाचे आहेत, आणि त्यासाठी तुम्ही दूर थांबलात तरी पैसे पूर्ण मिळतील.