पहाटे ३.५६

हॉस्टेलवर राहणाऱ्याला पहाटेचे चार ही वेळ काही परकी नाही. सबमिशनच्या आदल्या रात्री आपण त्या वेळी शीट्स काढत बसलेलो असतो, एरवी पांघरूण डोक्यावर घेऊन गाढ झोपलेलो असतो. ३० सप्टेंबर १९९३ रोजी याच सुमारास, ३ वाजून ५६ मिनिटांनी, किल्लारीची जमीन हलली. अनंत चतुर्दशीची रात्र होती. गणपती बोळवून माणसं दमून झोपली होती. लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद, म्हणजे आताच्या धाराशिव जिल्ह्यात काही सेकंदांत गावंच्या गावं मातीला मिळाली. सरकारी आकडा आठ हजारांच्या जवळ, इतर अंदाज दहा हजारांच्या घरात.

आमचं गाव केज तालुक्यातलं, लातूर जिल्ह्याला लागूनच. माझी आजी सांगते, फळीवरची भांडी खाली आली तेव्हा आधी वाटलं मांजर शिरलं. मग खाट सरकायला लागली. आमच्याकडे कुणाचा जीव गेला नाही, पण नंतर थंडी पडली तरी घरात झोपायची कुणाची छाती होईना. अंगणात खाटा, वर ताडपत्री, असं ते साल गेलं.

हे सगळं आठवायचं कारण म्हणजे मध्यंतरी गावी गेलो होतो, तेव्हा शाळेत मॉक ड्रिल चालू होतं. अकराच्या सुमारास घंटा झाली, पोरं दप्तरं डोक्यावर धरून रांगेत मैदानात आली, हजेरी झाली, टाळ्या झाल्या. खरंच छान केलं होतं. मी गुरुजींना विचारलं, "गुरुजी, हेच पहाटे चारला झालं तर?" ते हसले. म्हणाले, "रात्रीचं आमच्या हातात नाही रे बाबा. ते घरच्यांनी बघायचं." घरी येऊन आजीला विचारलं तर ती म्हणते, "पोरांना शिकवतात की शाळेत ते समदं!"

आता बोला! शाळा म्हणते घर बघेल, घर म्हणतं शाळा बघते. मधल्या फटीत पोरगं.

कायदा, योजना यांची कमी आहे असं नाही. २००५ मध्ये आपत्ती व्यवस्थापन कायदा आला, २०११ मध्ये राष्ट्रीय शाळा सुरक्षा कार्यक्रम आला, २०१६ मध्ये शाळा सुरक्षा धोरणाची मार्गदर्शक तत्त्वं आली. या सगळ्यातून शाळेत समिती, नकाशा, घंटा, सराव या गोष्टी आल्या आणि त्या हव्यातच. पण संकट शाळेचं टाइमटेबल बघून येत नाही. किल्लारी पहाटे. भूजचा भूकंप २६ जानेवारी २००१ चा, सकाळी पावणेनऊच्या सुमारास, प्रजासत्ताक दिनी. वर्ग रिकामे, पण अंजारला मुलं प्रभातफेरीत अरुंद गल्लीत होती आणि दोन्ही बाजूंची घरं त्यांच्यावर आली. वर्गातला सराव तिथे काय कामाचा?

किल्लारीत माणसं कशानं मेली, हे आपण सिव्हिलवाल्यांनी तरी नीट समजून घ्यायला हवं. भूकंप ६.२ ते ६.४ च्या आसपासचा, म्हणजे फार मोठा नव्हे. घात केला तो घरांनी. आपल्याकडचं जुनं माळवदाचं घर डोळ्यासमोर आणा. दोन-अडीच फूट जाडीची दगडी भिंत, पण ती एकसंध नसते. बाहेरचा एक पदर, आतला एक पदर, मध्ये मातीचा आणि दगडाच्या चिपांचा भराव. दगड गोलसर, सांध्यात नुसता चिखल. वरती लाकडं आणि त्यावर माती. दर पावसाळ्याआधी गळती थांबवायला वर पांढऱ्या मातीचा आणखी एक थर. आजा टाकतो, बाप टाकतो, नातू टाकतो, काढत कुणीच नाही.

जरा कॅल्क्युलेटर घ्या. १० बाय १२ ची खोली, वर दीड फूट माती, मातीची घनता घनमीटरला १६०० किलो धरा. उत्तर येतं आठ टनांच्या घरात. म्हणजे उसाची जवळपास एक भरलेली ट्रॉली आपण डोक्यावर घेऊन झोपतो. जमीन आडवी हलली की बल वस्तुमानाच्या प्रमाणात लागतं, हे आपण अकरावीपासून घोकतोय. ते बल लागलं की भिंतीचे दोन पदर एकमेकांपासून सुटतात, फुगतात आणि ढासळतात. ज्या गरिबाचं घर नुसतं गवताचं किंवा पत्र्याचं होतं, तो त्या रात्री त्यामानाने वाचला.

उपाय फार महागडा नाही, हे जास्त लागतं मनाला. भिंत बांधतानाच ठराविक अंतरावर आरपार जाणारा लांब दगड टाकायचा, म्हणजे दोन्ही पदर बांधले जातात. दारं-खिडक्यांच्या वर घराभोवती सलग काँक्रीटचा पट्टा घालायचा. छपरावरची जादा माती उतरवायची. अशा कच्च्या दगडी बांधकामासाठी आयएस १३८२८ हे मानक निघालं, तेही १९९३ सालीच. त्या वेळच्या नकाशात किल्लारी झोन एकमध्ये, म्हणजे सर्वांत कमी धोक्याच्या पट्ट्यात होती. २००२ च्या नकाशात हा भाग झोन तीनमध्ये आला. त्याआधी १९९२ च्या ऑगस्ट ते ऑक्टोबरमध्ये किल्लारीत बारीक बारीक धक्के बसत होते. लोक घाबरले, मग धक्के थांबले आणि लोक पुन्हा त्याच छपराखाली झोपायला लागले. कुणालाही तसंच वाटलं असतं.

भूकंपानंतर मराठवाड्यात माळवदं उतरली आणि पत्रे चढले. आता त्या पत्र्यांची गंमत बघा. वाऱ्याने उडू नयेत म्हणून वर काय ठेवतो आपण? दगड! म्हणजे डोक्यावरची माती गेली आणि धोंडा आला. वळवाच्या वादळात पत्रा उडतो तेव्हा हे दगड घरातल्यांच्या अंगावर येतात. पत्रा लोखंडी पाइपला जे-हुक आणि वॉशर लावून घट्ट आवळला तर दगडाची गरजच नाही. सुट्टीत घरी जाल तेव्हा एकदा वर चढून बघाच. (आईला सांगून चढा.)

आता दुसऱ्या देशाची एक गोष्ट सांगतो, कारण शाळा आणि घर यांच्यातली फट तिथल्या लोकांनी बुजवली होती. जपानमध्ये कामाइशी नावाचं किनाऱ्यावरचं शहर आहे. ११ मार्च २०११ च्या त्सुनामीत त्या शहरात हजाराच्या वर माणसं गेली, पण शाळकरी मुलं जवळपास ३००० होती आणि त्यातली पाच सोडून सगळी वाचली. ती पाच त्या वेळी शाळेच्या ताब्यात नव्हती. त्या भागात 'तेन्देन्को' अशी एक जुनी शिकवण आहे. लाट आली की ज्याने त्याने सरळ उंचावर पळायचं, आईबापाची वाट बघायची नाही. ऐकायला कठोर वाटतं. पण हे घरात आधीच ठरलेलं असतं, म्हणून आईला खात्री असते की पोरगं पळालं असणार आणि ती त्याला शोधायला उलटी येत नाही. शाळेने मुलांना हेच शिकवलं आणि घरी जाऊन आईबापांशी बोलायला लावलं.

आपल्या बीडमध्ये त्सुनामी येणार नाही, पण घरच्यांशी बोलण्यासारखं पुष्कळ आहे. पहिली वीज. मे-जूनमध्ये आणि परतीच्या पावसात, दुपार कलली की वीज पडते. तेव्हा शाळेला सुट्टी असते नाहीतर शाळा सुटलेली असते आणि पोरं रानात असतात. पाऊस आला की माणूस, बैल, शेळ्या सगळे लिंबाखाली. नेमकं तिथेच जायचं नसतं. झाडावर पडलेली वीज जमिनीत पसरते, तेव्हा झाडाजवळ दोन पावलांमधल्या अंतरातही व्होल्टेजचा मोठा फरक असतो. बैलाचे पुढचे-मागचे पाय लांब असतात, म्हणून तो आधी जातो. लखलखाट आणि गडगडाट यात ३० सेकंदांपेक्षा कमी वेळ असेल तर वीज १० किलोमीटरच्या आत आहे, पक्क्या घरात शिरायचं आणि शेवटचा गडगडाट झाल्यावर अर्धा तास बाहेर यायचं नाही. घर लांब असेल तर एकट्या झाडापासून दूर, पाय जुळवून, उकिडवं बसायचं. पुण्याच्या आयआयटीएमचं 'दामिनी' ॲप फोनमध्ये असेल तर उत्तमच, पण आजीच्या बटणाच्या फोनवर ते चालत नाही. तिला आकडे मोजणं बरोबर जमतं.

पाणी हा दुसरा विषय. १९८९ च्या जुलैत बिंदुसरेच्या पुराने बीड शहरात हाहाकार केला होता. २०२५ च्या सप्टेंबरात बीड-धाराशिवकडे पाऊस असा कोसळला की दुष्काळाची सवय असलेल्या लोकांना काय करावं तेच कळेना. सातबारा, रेशन कार्ड, पासबुक, मार्कशीट हे सगळं प्लास्टिकच्या जाड पिशवीत, उंच खुंटीला. एवढंच. आणि दाराच्या आतल्या बाजूला खडूने ११२, १०८ आणि जिल्हा नियंत्रण कक्षाचा १०७७.

पण बीडचं खरं कोडं वेगळंच आहे. दिवाळीच्या आसपास कोयते निघाले की निम्मं गाव कारखान्यांवर. काही पोरं आईबापांबरोबर पाचटाच्या कोपीत, चूल शेजारीच पेटलेली. काही गावात आजी-आजोबांकडे किंवा हंगामी वसतिगृहात. मार्च-एप्रिलपर्यंत हेच. सराव डिसेंबरात झाला तर ज्याला सर्वांत जास्त गरज, तेच पोरगं हजेरीत नाही. 'कुटुंबाचा आराखडा' असा तक्ता शाळेत भरून घेतात, त्यात वडिलांचं नाव, आईचं नाव, पत्ता. पण त्या पत्त्यावर सहा महिने कुलूप असतं! मला वाटतं सराव कोयते निघायच्या आधी, सप्टेंबरात व्हावा आणि रजिस्टरला मुकादमाचा नंबर असावा. गुरुजींना मी हे बोललो, त्यांनी वहीत टिपून घेतलं.

आणि आपण? हॉस्टेल म्हणजे ना शाळा, ना घर. दिवसा कॉलेजात सराव होईल, पण ३.५६ ला आपण असतो वरच्या मजल्यावर, खिडक्यांना ग्रील, जिन्याखाली ओढायचं लोखंडी गेट, त्याला कुलूप. २००४ मध्ये कुंभकोणमच्या शाळेत आगीत ९४ मुलं गेली, त्या बातम्यांमध्ये अरुंद जिन्याचं नाव पुन्हा पुन्हा यायचं. आपल्या कॉरिडॉरमध्ये सायकल, गादीचा गठ्ठा आणि कुणाचा तरी ड्रॉइंग बोर्ड कायम उभा असतो. हिटरच्या कॉइलबद्दल मी काही बोलत नाही, रेक्टर सरही हे वाचतात.

म्हणून आम्ही तिघांनी एका रात्री लाइट घालवून स्टॉपवॉच लावलं. तिसऱ्या मजल्यावरच्या शेवटच्या खोलीतून गेटपर्यंत १ मिनिट ५० सेकंद, वाटेत एकदा सायकलवर आपटून. मग वॉचमनकाकांना हाक मारून, ते उठून, किल्ली सापडून गेट उघडेपर्यंत आणखी ४ मिनिटं. काकांची चूक नाही, किल्ल्यांच्या जुडग्यात सतरा किल्ल्या आहेत. दुसऱ्या दिवशी आकडे घेऊन रेक्टर सरांकडे गेलो. सर रागावतील वाटलं होतं. त्यांनी आकडे दोनदा वाचले आणि विचारलं, "अंधारात मोजलं का?" गेटच्या किल्लीला आता लाल दोरी बांधलीय आणि तिची जोडकिल्ली प्रत्येक मजल्याच्या प्रतिनिधीकडे आहे. सायकल अजून तिथेच आहे.