जन्म इथला, मग नागरिक कुठला?

गोष्ट फेब्रुवारी 2025 ची. रविवारची फीस्ट उरकून आम्ही चौघे मेसच्या पायऱ्यांवर बसलो होतो. आमच्याच ब्रँचचा एक सीनियर दादा एम.एस. करून अमेरिकेत नोकरीला लागलाय, त्याचा नुकताच फोन येऊन गेला होता. वहिनींना सातवा महिना. दोघंही व्हिसावर, ग्रीन कार्डाच्या रांगेत. "बाळाला इथलं नागरिकत्व मिळणार की नाही, तेच कळेना रे," दादा म्हणाला. कारण 20 जानेवारी 2025 ला अध्यक्ष ट्रम्प यांनी एक आदेश काढला होता. आई बेकायदा किंवा तात्पुरत्या व्हिसावर राहत असेल आणि वडील नागरिक किंवा ग्रीन कार्डधारक नसतील, तर तीस दिवसांनंतर तिथे जन्मणाऱ्या मुलाला नागरिक मानायचं नाही, असा तो आदेश.

माझा रूममेट म्हणाला, "त्यात काय, सरकारने नियम बदलला की बदलला. आपल्याकडेही बदललाच की!" दुसरा म्हणाला, "अरे, तिकडे ते घटनेत लिहिलंय. असं बदलता येत नाही." वाद बराच रंगला. मी नंतर लायब्ररीत बसून थोडं वाचलं, तेव्हा कळलं की दोघांचंही आपापल्या जागी बरोबर होतं. कसं ते सांगतो.

मूळ प्रश्न असा, की जन्माने मिळणारं नागरिकत्व संसदेला साध्या कायद्याने कमी करता येतं का? याचं उत्तर एका गोष्टीवर अवलंबून आहे. नागरिकत्वाचा नियम घटनेने स्वतःच लिहून ठेवलाय, की तो लिहायचं काम संसदेवर सोडलंय?

आधी अमेरिका. 1857 साली ड्रेड स्कॉट खटल्यात तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने ठरवलं, की गुलाम म्हणून आणलेल्या आफ्रिकन लोकांचे वंशज, मग ते स्वतंत्र का असेनात, नागरिक होऊच शकत नाहीत. पुढे यादवी युद्ध झालं, गुलामगिरी गेली. 1866 मध्ये काँग्रेसने, म्हणजे तिथल्या संसदेने, कायदा करून देशात जन्मलेल्यांना नागरिकत्व दिलं. पण धास्ती राहिलीच. आज आपलं बहुमत आहे, उद्या दुसऱ्यांचं आलं आणि त्यांनी कायदाच रद्द केला तर? म्हणून तो नियम उचलून घटनेत बसवला. हीच 1868 ची चौदावी घटनादुरुस्ती. अमेरिकेत जन्मलेली किंवा नंतर रीतसर नागरिकत्व घेतलेली आणि अमेरिकेच्या अंमलाखाली असलेली प्रत्येक व्यक्ती नागरिक, असं ती सांगते.

या नियमाची खरी परीक्षा झाली ती वाँग किम आर्कच्या खटल्यात. हा सॅन फ्रान्सिस्कोत जन्मलेला स्वयंपाकी, आईवडील चिनी. चिनी मजुरांना बंदी करणारा कायदा 1882 पासून लागू होता. 1895 मध्ये चीनहून परत येताना त्याला बंदरावरच अडवलं. म्हणे तू नागरिक नाहीस. 1898 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सहा विरुद्ध दोन मतांनी त्याच्या बाजूने निकाल दिला. जन्माने मिळणारा हा हक्क घटनेने पूर्ण दिलेला आहे, तो आखडता घ्यायचा अधिकार काँग्रेसला नाही, असं न्यायालयाने स्वच्छ सांगितलं.

कायद्याने हक्क वाढवता मात्र येतो. 1884 मध्ये न्यायालयाने जॉन एल्क या मूळनिवासी माणसाला नागरिकत्व नाकारलं होतं, कारण टोळीत जन्मलेल्यांना चौदावी दुरुस्ती लागू होत नाही असं ठरलं. 1924 मध्ये काँग्रेसने साधा कायदा केला आणि देशात जन्मलेले सगळे मूळनिवासी नागरिक झाले. सिव्हिलवाल्यांच्या भाषेत सांगायचं तर वर मजला चढवा, पण पाया खणू नका.

मग आजचा वाद कशाचा? तर 'अंमलाखाली' या शब्दाचा. आदेशाच्या बाजूचे म्हणतात, व्हिसावर आलेला माणूस पुरता त्या देशाचा नसतो. वाँगचे आईवडील तरी तिथे कायमचे राहत होते. हा मुद्दा हसण्यावारी नेण्यासारखा नाही, कारण 1898 च्या निकालात त्या कायम वास्तव्याचा उल्लेख खरंच आहे. पण त्याच निकालात अपवादही मोजून दिलेत: परदेशी राजदूतांची मुलं, चाल करून आलेल्या शत्रूची मुलं, टोळ्यांतले लोक. राजदूतावर तिथे खटला चालत नाही. आपल्या दादाने हायवेवर गाडी जोरात हाणली तर त्याला दंड होतो, पगारातून टॅक्सही कापला जातो. तिथला कायदा त्याला पुरता लागू आहे. मग तो अंमलाखाली नाही, असं कसं म्हणायचं? शिवाय 1952 च्या अमेरिकन कायद्यातही तेच शब्द आहेत, म्हणजे अध्यक्षांचा आदेश घटनेच्या आधी कायद्यालाच ठेचकाळतो. खालच्या न्यायालयांनी तो रोखून धरला आणि डिसेंबर 2025 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हा प्रश्न सुनावणीला घेतला.

आता आपल्याकडे या. आपल्या संविधानाची कलमं 5 ते 11 नागरिकत्वाची. त्यांत सुरुवातीला नागरिक कोण, एवढंच ठरवलंय. पुढचं सगळं कलम 11 ने संसदेवर सोपवलं. त्यामुळे 1955 चा नागरिकत्व कायदा संसदेने दोनदा आवळला आणि त्यासाठी घटनादुरुस्ती एकदाही लागली नाही. परिणाम आपल्या होस्टेलमध्येच बघा. 1 जुलै 1987 च्या आधी भारतात जन्मलेल्या रेक्टर सरांना इथला जन्म पुरेसा. त्यानंतर पण 3 डिसेंबर 2004 च्या आधी जन्मलेल्या पीएच.डी.वाल्यांना आई किंवा वडील भारतीय असावे लागतात. आणि त्यानंतर जन्मलेल्या फर्स्ट इयरच्या पोरांना दोघंही भारतीय, किंवा एक भारतीय आणि दुसरा बेकायदा स्थलांतरित नाही, असं असावं लागतं. एकाच मेसमध्ये जेवणारी माणसं, नियम तीन!

अर्थात म्हणून संसदेने वाट्टेल ते करावं असंही नाही. असा कायदा समतेच्या कलम 14 वर घासून बघता येतो. आसामसाठीचं कलम 6अ सर्वोच्च न्यायालयाने असंच तपासलं आणि ऑक्टोबर 2024 मध्ये चार विरुद्ध एक मतांनी वैध ठरवलं.

आयर्लंडचं उदाहरण तर झकास आहे. तिथे हा हक्क घटनेत होता. तो कमी करायचा तर साधा कायदा चालेना, म्हणून जून 2004 मध्ये सार्वमत घेऊन आधी घटना बदलली आणि मगच कायदा केला. अमेरिकेलाही हा रस्ता मोकळा आहे, पण तो चढाचा आहे. काँग्रेसच्या दोन्ही सभागृहांत दोन तृतीयांश मतं आणि 50 पैकी 38 राज्यांची संमती लागते.

मला विचाराल तर हा चढ असावा. नागरिक कोण हे ठरलं की मतदार कोण हेही ठरतं. मतांवर निवडून येणाऱ्यांच्या हातात ही यादी जितकी कमी, तितकं बरं. याच्या उलट मत असणारे आमच्या विंगमध्ये आहेतच. त्यांनी पुढच्या अंकात जरूर लिहावं.

हो, दादाचं राहिलंच. एप्रिलमध्ये मुलगी झाली. आदेश न्यायालयांनी रोखलेला असल्यामुळे तिचा पासपोर्ट नेहमीसारखाच आला. दादा मात्र अजून ग्रीन कार्डाच्या रांगेतच आहे.