गणपतीला मी कुणाकडे असणार?

शाळेची बस येण्यापूर्वी वेणी घालून घेताना आठ वर्षांची नात विचारते, "आजी, यंदा गणपतीला मी कुणाकडे असणार?" घरात भांडण झालेले नाही. मुलगा आणि सून यांनी सामोपचाराने विभक्त होण्याचे ठरविले आहे; परस्परांविषयी वावगा शब्द कुणी काढलेला नाही. "आमचे आम्ही बघून घेऊ," असे दोघेही सांगतात. तरीही वेणीचा पेड हातात धरून आजी क्षणभर थांबते, कारण या साध्या प्रश्नाचे उत्तर घरात कुणालाच ठाऊक नसते.

अनेक घरांतील वडीलधाऱ्यांना हा प्रसंग ओळखीचा वाटेल. विभक्त होताना मने शाबूत राहिली, तर मुलांचे पुष्कळ क्लेश वाचतात. मात्र सामोपचार केवळ तोंडी राहिला, तर तो फार काळ टिकत नाही. एकाची परगावी बदली होते, दुसऱ्याचा पुनर्विवाह ठरतो, कुणाची नोकरी जाते. आणि काल ज्यावर एकमत होते त्यावरच वाद सुरू होतो. म्हणून संबंध चांगले आहेत तोवरच सर्व गोष्टी कागदावर आणणे हिताचे असते.

कायद्याची चौकट

हिंदू विवाह कायदा, 1955 याच्या कलम 13-ब नुसार परस्परसंमतीने घटस्फोट घेता येतो. त्यासाठी पती-पत्नी किमान एक वर्ष वेगळे राहत असले पाहिजेत. संयुक्त अर्जानंतर साधारणतः सहा महिने थांबावे लागते. तडजोड पूर्ण झालेली असून समेटाची शक्यता उरली नसेल, तर न्यायालय हा कालावधी माफ करू शकते, असे सर्वोच्च न्यायालयाने 2017 मध्ये स्पष्ट केले आहे. विशेष विवाह कायद्यातही परस्परसंमतीची तरतूद आहे. अन्य धर्मीयांसाठी त्यांचे वेगळे कायदे आहेत. कौटुंबिक न्यायालयात विवाह समुपदेशक असतात. त्यांच्यासमोर बसून मसुद्यातील अडचणीचे मुद्दे सोडविता येतात.

ताबा म्हणजे मालकी नव्हे

मुलाचा ताबा ठरविताना आईवडिलांच्या हक्कांपेक्षा मुलाचे हित श्रेष्ठ मानले जाते. पाच वर्षांखालील मूल सामान्यतः आईकडे राहावे, असे 1956 चा हिंदू अज्ञानत्व व पालकत्व कायदा सांगतो. समजण्याच्या वयातील मुलाचे मतही न्यायालय विचारात घेते. ताबा एकाकडे गेला तरी दुसऱ्याचे पालकत्व संपत नाही. शाळा, शस्त्रक्रिया, परगावी स्थलांतर अशा निर्णयांत दोघांचा सहभाग कसा असेल, हे मसुद्यात नमूद करता येते.

"सोयीने भेटावे" असे मोघम वाक्य पुढे वादाचे मूळ ठरते. त्याऐवजी आठवड्याचे वार, नेण्या-आणण्याची वेळ, दिवाळीची व उन्हाळ्याची सुटी, गणपती, मुलाचा वाढदिवस, रोजच्या फोनची वेळ हे सारे स्पष्ट लिहावे. परिस्थिती पालटल्यास ताब्याचा व खर्चाचा आदेश बदलून मागता येतो. त्यामुळे लिहून दिले म्हणजे कायमचे अडकलो, अशी भीती बाळगू नये.

खर्चाचा हिशेब

अपत्याचे पोषण हे आई आणि वडील दोघांचेही कर्तव्य आहे. पत्नीने स्वतःची पोटगी सोडली, तरी त्यामुळे मुलाचा पोषणाचा हक्क सुटत नाही. दरमहा रक्कम किती, कोणत्या तारखेला, कोणत्या खात्यात, आणि महागाईनुसार दरवर्षी किती वाढ, हे ठरवावे. शाळेचे शुल्क, शिकवणी, दंतवैद्य, चष्मा यांचा खर्च वेगळा दाखवावा. मुलाचा आरोग्यविमा कुणाच्या पॉलिसीत चालू राहील, हेही विसरू नये. दोघांनी आपले उत्पन्न व कर्जे एकमेकांसमोर प्रामाणिकपणे मांडली, तर आकडा ठरविणे सोपे जाते आणि मागाहून संशयाला जागा उरत नाही.

आजी-आजोबांचे स्थान

नातवंडांच्या भेटीचा स्वतंत्र हक्क हिंदू विवाह कायद्याने आजी-आजोबांना स्पष्ट शब्दांत दिलेला नाही. मात्र दोघांची संमती असेल, तर अशा भेटीचे कलम मसुद्यात घालता येते. ते आवर्जून सुचवावे. मूल दिवसभर आजीकडे राहत असेल, तर तेही लिहिलेले असावे. लसीकरणाची नोंद, रक्तगट, औषधांची ॲलर्जी आणि आईवडिलांचे दूरध्वनी क्रमांक असलेली फाईल दोन्ही घरी असावी. तातडीच्या वेळी रुग्णालयात संमतीची सही कोण करील, हे आधीच ठरले असेल, तर वयस्कर माणसाच्या जिवाला घोर लागत नाही.

काही पथ्ये मात्र वडीलधाऱ्यांनीच पाळावयाची असतात. "तुझी आई काय म्हणाली?" असे नातीला विचारू नये; निरोप तिच्या हाती पाठवू नयेत; सुनेविषयी अथवा जावयाविषयी मुलांसमोर कडवट बोलू नये. पोटदुखी, डोकेदुखी, अंथरुण ओले करणे, अभ्यासातून लक्ष उडणे ही मनावरील ताणाची चिन्हे असू शकतात. ती टिकून राहिल्यास बालरोगतज्ज्ञांना दाखवावे व गरज पडल्यास समुपदेशकाची मदत घ्यावी. स्वतःची झोप, रक्तदाबाच्या गोळ्या आणि रोजचे फिरणेही चुकवू नये. मुलाचा संसार मोडल्याचे दुःख आजी-आजोबांनाही असते. ते समवयस्क मित्रापाशी किंवा डॉक्टरांपाशी बोलून दाखवावे, नातीपाशी नव्हे.

त्या घरात पुढल्या रविवारी मुलगा आणि सून कालनिर्णय घेऊन एकत्र बसले. आईकडचे दिवस लाल पेनाने आणि बाबांकडचे निळ्या पेनाने नातीनेच रंगविले. पहिले पाच दिवस इथे, गौरी-विसर्जनानंतर आईकडे, असे ठरले. मग तिने पेन खाली ठेवून आजीला विचारले, "मोदक मात्र तूच करणार ना?" हा प्रश्न आजीला अवघड नव्हता.