‘फाल’ रायफलीची घडण

सैनिकाच्या हातातील रायफल नजरेत भरते; तिच्या पोटातील काडतुसाकडे सहसा कोणाचे लक्ष जात नाही. वस्तुतः रायफलीचे वजन, लांबी व हिसका ही सारी काडतुसावरच अवलंबून असतात. आणि काडतुसाची निवड नेहमी रणांगणावरील अनुभवानेच होते असे नाही. दुसऱ्या महायुद्धानंतर बेल्जममध्ये घडलेल्या ‘फाल’ रायफलीचा इतिहास या दृष्टीने उद्बोधक आहे.

जुन्या रायफलींची काडतुसे हजार मीटरांपलीकडील शत्रूचा वेध घेण्याच्या हिशेबाने बनविलेली होती. प्रत्यक्षात पायदळाच्या चकमकी बहुधा तीनचारशे मीटरांच्या आतच होत. हे ओळखून जर्मनांनी महायुद्धातच आखूड व कमी दारूचे काडतूस काढले. त्याचा हिसका सौम्य असल्याने सलग गोळीबारातही बंदूक ताब्यात राहत असे. शिवाय काडतूस हलके म्हणून सैनिकास अधिक साठा बाळगता येई. रशियानेही १९४३ मध्ये याच विचाराचे काडतूस सिद्ध केले. १९४९ मध्ये तेथे स्वीकारलेली कलाश्निकोव्ह रायफल त्याच्याचसाठी बनविलेली होती.

लिएज शहराजवळ एर्स्ताल येथे फाब्रिक नास्योनाल हा शस्त्रांचा जुना कारखाना आहे. तेथील अभियंते द्यूदोने सेव्ह हे युद्धकाळात इंग्लंडमध्ये काम करीत होते. मायदेशी परतल्यावर त्यांनी ‘फाल’चा पहिला नमुना जर्मन आखूड काडतुसासाठीच तयार केला. तिची रचना सुटसुटीत होती. गोळी सुटताच नळीतील थोडा वायू वरच्या छिद्रातून निघून एका दट्ट्याला मागे ढकलतो. त्या रेट्याने बोल्ट उघडतो, रिकामे काडतूस बाहेर फेकले जाते आणि स्प्रिंगच्या जोराने नवे आत सरकते.

ब्रिटिश तज्ज्ञांनीही ७ मिलिमीटरचे मध्यम काडतूस पसंत केले होते. त्याला अनुरूप अशी ‘ईएम-२’ ही रायफल १९५१ मध्ये ब्रिटनने स्वीकारलीही. परंतु अमेरिकेचे लष्कर पूर्ण ताकदीच्या काडतुसासाठी अडून बसले. मित्रराष्ट्रांचा दारूगोळा एकच असावा, या विचारापुढे चर्चिल यांच्या सरकारने माघार घेतली; १९५४ मध्ये ‘नाटो’ने ७.६२ मिलिमीटरचे जोरदार काडतूस मान्य केले. ‘फाल’लाही त्याच्यासाठी थोराड व्हावे लागले. स्वतः अमेरिकेने मात्र १९५७ मध्ये ‘फाल’ बाजूस सारून आपली ‘एम-१४’ रायफल निवडली.

मोठ्या काडतुसाचा परिणाम व्हावयाचा तोच झाला. सलग गोळीबारात नळी वर उसळू लागली. ब्रिटनने तर आपल्या रायफलीत एका वेळी एकच गोळी सुटेल अशी योजना केली. तथापि मजबुतीमुळे ‘फाल’ नव्वदांहून अधिक देशांत पोहोचली. १९६२ च्या चीनविरुद्धच्या युद्धात भारतीय जवानांच्या हाती प्रत्येक गोळीनंतर बोल्ट हाताने ओढावा लागणारी .३०३ रायफल होती. त्यानंतर बंगालमधील ईशापूरच्या कारखान्यात ‘फाल’च्या धर्तीवरील ‘सेल्फ लोडिंग रायफल’ मोठ्या प्रमाणावर तयार होऊ लागली. जवानांच्या तोंडी ती ‘एसएलआर’ झाली आणि १९७१ च्या युद्धात ती भारतीय पायदळाचे प्रमुख शस्त्र होती.

पुढे व्हिएतनाममध्ये अमेरिकेनेच ‘एम-१४’ सोडून ५.५६ मिलिमीटरची हलकी रायफल घेतली. १९८० मध्ये ‘नाटो’नेही त्याच मापाचे काडतूस मान्य केले, त्यासाठी निवडलेली गोळी एर्स्तालच्या त्याच कारखान्याची होती. भारतातही एसएलआरची जागा पुढे त्याच मापाच्या ‘इन्सास’ने घेतली. हलक्या काडतुसाचा जो विचार युद्धाने शिकविला होता, तो पटण्यास पाव शतकाहून अधिक काळ लागला. आणि त्या विलंबाचे ओझे वाहिले ते सामान्य सैनिकाच्या खांद्याने.