तुलाँमधला तुर्की हिवाळा

युरोपात कायम ख्रिश्चन विरुद्ध मुस्लिम, असंच वाटतं ना? मग हे ऐका. १५२५ मध्ये फ्रान्सचा राजा पहिला फ्रान्सिस लढाईत पकडला गेला, तोही कॅथलिक सम्राट पाचव्या चार्ल्सच्या सैन्याकडून. राजाच्या आईनं मदत मागितली थेट ऑटोमन सुलतान सुलेमानकडे! शत्रूचा शत्रू तो मित्र, दुसरं काय.

१५४३ मध्ये सुलतानाच्या आरमारानं फ्रेंचांसोबत नीस शहरावर हल्ला केला आणि हिवाळ्यात मुक्काम ठोकला फ्रान्सच्याच तुलाँ बंदरात. सुमारे ३०,००० माणसं! राजाचा हुकूम आला : घरं रिकामी करा. कॅथेड्रलमध्ये नमाज होऊ लागला. युरोपभर बोंबाबोंब. आणि बंदरातल्या त्या जहाजांवर साखळदंडात वल्ही मारणारे गुलाम? त्यांत ख्रिश्चनही होते. १५४४ मध्ये आरमार निघालं, तेव्हा कुठे लोक घरी परतले. गुलाम मात्र जहाजांबरोबरच गेले.